अप्पांची माती

गोकर्णाहून,

अव्वा, तुला शरणू. हे आन् मी सुखरूप हाव. तुझा गुडघा कसाय? रात्री शेजारची जगदेवी सोबतीला येतीय का? एकटी निजू नको.

काल बोटीत बसलाव. सगळे किनारे दाखवून बोटवाल्यानं सूर्य बुडताना भर समुद्रात बोट थांबवली. अप्पांच्या समाधीवरची तू दिलेली माती माझ्या मुठीत होती. त्यांनी जन्मात समुद्र बघितला न्हाई, म्हणून तिथं सोड म्हणलीस.

न्हाई सोडवली, अव्वा. आपल्यात माणूस मातीला देतेत, पाण्याला न्हाई. मूठ उघडून त्यांना सगळं दाखवलं. सूर्य गेला, तशी माती पुन्हा पदराला बांधली.

रागावू नको. अप्पा माझ्यासंगं मेहकरला परत यायलेत.

तुझी लेक,
दानेश्वरी