हाण की

उचगाव, ४ फेब्रुवारी २०२५

चि. विजयसिंह यास अ. उ. आ.

चौकशी संपेपर्यंत तुझा फोन जमा आहे, म्हणून इतक्या वर्षांनी कागद घेतला. अक्षराला हसू नकोस. म्हशीला रेडी झाली.

काल हातकणंगल्याहून बायडाबाई आल्या होत्या, नौदलात तुझ्या हाताखाली असलेल्या आदर्शची आई. त्या परक्या बंदरात तुझ्या शब्दावर त्यानं हमालाला दांडकं मारलं, हमालाचा हात मोडला, आणि आता आदर्शचीच नोकरी जाणार, असं म्हणत होत्या. साहेबांनी खरं तेवढं सांगावं, म्हणाल्या. चहाला थांबल्या नाहीत.

काय म्हणाला होतास रे?

तुझी अक्का

कोची, १२ फेब्रुवारी

ती. अक्कास सा. न. वि. वि.

रेडीचं वाचून बरं वाटलं. जहाजावरून सामान आणायला छोटी बोट घेऊन धक्क्यावर गेलो होतो. हमालांशी वाद झाला, गर्दी अंगावर आली. आदर्श आपल्याकडचा, म्हणून बोलीतच म्हणालो, "हाण की!"

वकील म्हणतात, तुमच्याकडे गाडी हाणतात ना? मग बोट चालव असा अर्थ होता, पोरानं चुकीचा घेतला, असं सांगा. आपल्याकडे असं बोलतात, एवढं तू लिहून दे. अक्षर कसंही चालेल.

तुझा विजू

उचगाव, १९ फेब्रुवारी

चि. विजूस आशीर्वाद.

सोबत लिहून दिलंय. आपण गाडी हाणतो, मटण हाणतो, माणूसही हाणतो. तिन्ही लिहिलेत. त्यातला तुझा कुठला, ते मी कसं सांगू?

लहानपणी तू केरबाचं डोकं फोडलंस तेव्हा दगड मीच मारला, असं मी आबांना सांगितलं होतं. तुझ्या वाटचा मार खाल्ला. आता तेवढं बळ नाही राहिलं, बाळा.

एकच सांग. बोट तेव्हा सुटली होती का?

जेवत जा.

अक्का

कोची, २६ फेब्रुवारी

ती. अक्कास सा. न.

तुझा कागद वकिलांना दिला नाही. बोट धक्क्याला बांधलेली होती. दोर मीच बांधला होता. आज तसं लिहून दिलं, हुकूम माझा होता हेही. बायडाबाईंना कळव.

त्या हमालाचं नाव आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. आज विचारून घेतलं. इद्रिस. उजवा हात अजून वर जात नाही.

बहुतेक लवकरच घरी येईन, वर्दीशिवाय. धार काढायला शिकव. लोभ पूर्वीइतकाच ठेव, जमलं तर.

विजू