चिखल कशात कालवतोस?

जरीपटका, नागपूर
दि. १९ नोव्हेंबर १९७८

चि. रवींद्र यास बाबांचा सप्रेम जयभीम.

आम्ही बरे आहोत. थंडीनं तुझ्या आईचा गुडघा ठणकतो. भिलाईला खोली धड मिळाली का, जेवणाचं काय करतोस, हे तिनं विचारायला सांगितलं आहे.

माझं काम वेगळं आहे. तू चिखल कशात कालवतोस? चार रविवार तुझे ते आगपेटीएवढे लाकडी रणगाडे आणि जीपा पुढ्यात घेऊन बसलो आहे. काळी माती लावली. वाळली, तडकली, पडली. मैद्याची खळ घातली तर उंदरांनी दोन जीपा कुरतडल्या. डिंक घातला तर सगळं पाकातल्यासारखं चकाकतं. डोक्याला ताप नुसता!

तुझा कृष्णकांत येतो. टेबलावर फासे टाकून तुम्ही ज्या लढाया खेळायचात त्या त्याला तोंडपाठ, पण चिखलाचं विचारलं की म्हणतो, रवींद्रच लावायचा. वर मलाच, "काकाजी, तुम्ही त्या गाड्या धुतल्या काहून जी?"

काहून म्हणजे? लष्कराच्या वर्कशॉपात तीस वर्षं गाड्याच धुतल्या. साहेब मडगार्डखाली पांढरा रुमाल फिरवून बघायचा. मळकी गाडी दिसली की माझा हात ब्रशाकडे जातो. त्या दिवशी तुझे मित्र खेळायला येणार होते. गाड्या चांगल्या दिसाव्यात म्हणून सोड्याच्या पाण्यानं घासल्या. तीन आठवडे खपून तू तो चिखल मुद्दाम लावला होतास, हे मला काय माहीत? तू सांगितलं होतंस म्हणे. मी ऐकलं नसेल.

पण "एवढा घोडा झाला अन् खेळणे खेळून राहिला, निघ घरातून" हे मीच बोललो. तेही तुझ्या मित्रांदेखत. तू निघालास, त्याला पाच महिने झाले.

आणि एक सांगू? चिखल चाकांच्या आत बसतो, मडगार्डखाली बसतो. तू टपावरही फासला होतास. ते चूकच होतं.

काल तुझी आई भडकली. "बुढे मातीत खेळून राहिले, पण पोराले सरळ ये म्हणत नाही!"

चुकलं माझं, रवी. तीस वर्षं चिखल काढला, लावता मात्र येत नाही. कृती पत्रानं कळवू नकोस. इथं येऊन दाखव.

सोड्याचा डबा आईच्या ताब्यात दिला आहे.

तुझी वाट पाहणारा,
बाबा