डाव्या बाजूची पुढची जागा

अलिकांते, १४ ऑक्टोबर

प्रिय गेथिन,

कोसळलेल्या माणसाला वाचवताना इथे कुणी त्याचा खिसा चाचपत नाही. मग त्याच माणसाला घरी न्यायचं म्हटलं की वर्षभराचा पगार का मागतात? बाबांनी विचारलं मला. "सांगा की, पदवीधर बाई!"

तू बरा असशील. फोनवर तू "बरं, बरं" म्हणून मध्येच ठेवून देतोस, म्हणून लिहिते आहे. मैर आत्याला ईमेल करते, ती छापून तुझ्या हातात देईल. इथे अजून छान ऊन पडतं. बाबा थोडं सूप घेतात. शेजारच्या खाटेवरच्या आजोबांची बायको त्यांना रोज संत्रं सोलून देते. भाषा कुणाची कुणाला कळत नाही, पण दोघे म्हातारे बातम्या बघत सगळ्या पुढाऱ्यांना मिळून शिव्या घालतात.

हॉस्पिटलचं बिल आलेलं नाही. आपलं सरकारी कार्ड या परक्या देशातही चाललं. इकडे सुट्टीला निघताना बाबा म्हणालेच होते, "जन्मभर बस चालवली, दर पगारातून कापून दिलं. आता वेगळा विमा कशाला?" पण ते कार्ड खाटेपर्यंतच चालतं. खाट, डॉक्टर आणि नर्स असलेलं खास विमान त्यात बसत नाही. आणि अशा हृदयाच्या माणसाला साधं विमान घेत नाही.

विमानासाठी गावातल्या क्लबमध्ये तुम्ही सगळ्यांनी वर्गणी गोळा केलीत ते कळलं. ह्यूने वर्गणीसाठी लिलाव मांडून आपली जुनी दाढी भादरून घेतली हे ऐकून बाबा इतके हसले, की छातीला लावलेलं यंत्र वाजायला लागलं. "त्या जंगलाखाली हनुवटी निघाली का तरी?"

मग आत्याच्या तोंडून व्हॅनचं निसटलं. कमी पडलेले पैसे तू व्हॅन आणि आतली सुतारकामाची सगळी हत्यारं विकून घातलेस. फोन स्पीकरवर होता, गेथिन.

"मूर्ख आहे," बाबा म्हणाले. "खाणार काय आता?"

आई गेल्यापासून त्यांनी तुझ्याबद्दल काढलेले हे पहिले शब्द. त्या दिवशी तू चॅपलबाहेर गाडीतच बसून राहिलास, आईची शवपेटी खांद्यावर घ्यायला उतरला नाहीस, तेव्हापासून त्यांनी तुझं नाव टाकलं होतं. मी हळूच म्हटलं, "त्याला जमलं नसेल, बाबा."

"मला तरी कुठे जमत होतं?"

सूप घेतात असं मी वर लिहिलं. दोन चमचे घेतात. डॉक्टरीणबाईंनी मला परवा सकाळी बाजूला नेलं. इथे राहिले काय आणि तिकडे नेलं काय, फार तर पंधरा दिवस. बाबांनी माझं तोंड पाहिलं आणि विचारलंच. खोटं बोलता आलं नाही.

"आणि मेल्यावर न्यायला किती लागतं?"

मी चौकशी केली. क्लबच्या वर्गणीत भागतं. जिवंत माणसापेक्षा मेलेला माणूस स्वस्तात घरी जातो, गेथिन. मी रडले. ते म्हणाले, "मग झालं तर. ह्यूची दाढी पुरते."

थोड्या वेळाने म्हणाले, "इथे पेटी चाकांच्या गाडीवरून ढकलत नेतात, खिडकीतून पाहिलंय मी. मला खांद्यावरून न्या. डाव्या बाजूची पुढची जागा गेथिनला दे. तुझ्या आईच्या वेळी ती माझी होती."

मी भांडले. म्हटलं, पंधरा दिवस तर पंधरा दिवस, पण आपल्या घरात. ते भिंतीकडे वळले. "इथलं ऊन बरं आहे." नर्सला रोज आपल्या मागच्या डोंगरावरच्या पावसाच्या गोष्टी सांगणारा हा माणूस.

तरी मी त्यांचं ऐकलं. विमान काल रद्द केलं. तुझे पैसे आत्याने व्हॅन विकत घेणाऱ्या ग्रिफिथ्सना परत दिले, आणि ते आज व्हॅन तुझ्या दाराशी लावून गेले, हत्यारांसकट. चावी आत्याकडे आहे. तिच्याकडेच गुरुवारच्या विमानाचं तुझं तिकीट आहे, माझ्या पगारातून काढलेलं. फक्त इकडे येण्याचं. परत आपण तिघं बरोबरच जाऊ.

बाबांच्या खाटेशी तुझ्यासाठी खुर्ची धरून बसलेली,
लोवरी