चकती नळीतच राहिली

प्रिय चिमणे,

चाललं! आपलं यंत्र चाललं! ज्या काचेच्या पेटीपायी तुझी आई मला आठ महिने घरातला पाहुणा म्हणत होती, ती काल दम्यावर संशोधन करणाऱ्या बाईंसमोर पास झाली. फोनच करणार होतो, पण नुसता आरडाओरडा केला असता आणि सांगायचं तेच राहिलं असतं.

पेटी एका माणसापुरती. आत बसायचं, दार घट्ट, नाकाला चिमटा, तोंडात नळी. श्वास घेताना आतल्या हवेचा दाब किंचित बदलतो, त्यावरून श्वासनळ्या किती आवळल्यात ते कळतं. यंत्र खरं बोलतंय का हे तपासायला नळीत बारीक भोकाची पितळी चकती घालतात. ती हवा किती अडवते तो आकडा तिच्यावर कोरलेला असतो. आणि आमच्या वर्कशॉपचा रिवाज असा, की ज्यानं यंत्र बनवलं त्यानंच आधी आत बसायचं.

बसलो ऐटीत. आणि तुझ्या हुशार बापानं सकाळी तपासणीसाठी घातलेली सगळ्यांत बारीक चकती काढलीच नव्हती! दोन श्वासांत तोंडचं पाणी पळालं. ओढतोय, ओढतोय, हवा पुरेना. नळी सोडली तर माप वाया जाणार, म्हणून हातवारे केले, तर बाहेर सगळे हसायला लागले. चाललं साहेबांचं नाटक, असं आमचा फिटर म्हणाला ते मला आत स्पष्ट ऐकू आलं. बाईंनी मात्र यंत्राचा पडदा बघितला आणि मला दम्याचा झटकाच आला समजून धावत येऊन दार उघडलं. मी चकती काढून दाखवली. माझ्या धडधाकट श्वासनळ्यांची थोडी भर सोडली, तर तिच्यावरचा आकडा आणि पडद्यावरचा आकडा एकच! काय टाळ्या पडल्या म्हणून सांगू!

टाळ्या वाजत होत्या आणि माझ्या कानात तेवढं 'नाटक' राहिलं होतं. तू नऊ वर्षांची होतीस. शाळेच्या शर्यतीत मध्येच खाली बसलीस, छातीवर हात ठेवून माझ्याकडे बघितलंस, आणि मी कुंपणापलीकडून ओरडलो, नाटकं पुरे, पळ. तू पळालीससुद्धा. अजूनही घरी आलीस की दम्याचा पंप घ्यायला न्हाणीघरात जातेस. आतून कडी लावतेस, ती मला दर वेळी ऐकू येते. चुकलो गं मी. फार चुकलो. हे सांगायलाच लिहायला बसलो. आता येशील तेव्हा माझ्यासमोर बसून पंप घे, कडी लावू नकोस.

तुझाच,
उशिरा शहाणा झालेला बाबा