आईला सगळं आठवलं

४ जानेवारी

चि. चिमणीस,
अ. आ.

तू लिहिलेली जाहिरात काल आम्ही दोघांनी टीव्हीवर पाहिली. लोकांना टोप्या घालायचा धंदा, असं मी चिडवतो खरं, पण ऊर भरून आला. शेजाऱ्याला बुद्धिबळात हरवून आलो होतो, त्यामुळे स्वारी आधीच खुशीत! सकाळी मात्र विकत काय होते, तेच आठवेना. मी गादी म्हणालो. तुझ्या आईने रजईचं नाव, किंमत, कोपऱ्यातली बारीक अक्षरं, सगळं घडाघडा सांगितलं. वर म्हणाली, नातवाला पांघरूण घालणाऱ्या आजीचे पाय उघडेच आहेत, ते कुणी पाहत नाही. तुमच्या ऑफिसने तिलाच नोकरीवर ठेवावं.

लोभ आहेच. वेळेवर जेवत जा.
बाबा

८ जानेवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी खूप हसले. मग ते पुन्हा नीट वाचलं. आमच्याकडे जाहिरात दाखवण्याआधी काही लोकांना विनोदी फिल्म दाखवतात, काहींना रडवणारी. हसलेले लोक छान छान म्हणतात आणि वस्तूचं नाव विसरतात, अगदी तुमच्यासारखे. मन जड असलेले मात्र बारीक अक्षरंसुद्धा वाचतात, खोट काढतात. आईने माझी एक जाहिरात कधी लक्षात ठेवली आहे का? जी साबणाची होती, तिला ती तेलाची म्हणत होती! बाबा, तिला काहीतरी खुपतंय. जवळ बसून विचारा. उडवून लावलं तरी पुन्हा विचारा.

उत्तर लवकर पाठवा, जीव टांगणीला लागलाय.
तुमची चिमणी

१९ जानेवारी

चि. चिमणे,
अ. आ.

आज मीच लिहिते. मला छातीत गाठ लागली होती. तुम्हा दोघांच्या जिवाला घोर नको, म्हणून तपासणीला एकटीच जाऊन आले. तुझं पत्र वाचून बाबा समोर येऊन बसले. मी उडवून लावलं, पण त्यांनी हात सोडला नाही. मग मात्र मला रडू आवरेना.

काल रिपोर्ट आणायला दोघं गेलो. गाठ साधी निघाली गं! डॉक्टरांच्या खोलीबाहेर बाकावर बसून आम्ही वेड्यासारखे हसत होतो. बाबांनी नर्सला कौतुकाने सांगितलं, आमची लेक रजईची जाहिरात लिहिते. ती म्हणाली, आत्ता तुम्ही हसत होतात तेव्हा समोरच्या टीव्हीवर दोनदा लागून गेली की.

आम्हा दोघांनाही काहीसुद्धा आठवत नाही. रागावू नकोस.

माया आहेच, तुला काय सांगायची.
आई