सहभागी निरीक्षण

१० नोव्हेंबर. सकाळी ६
आजपासून सिरीयस. बारावी आर्ट्सचा माझा एकच विषय राहिला आहे, समाजशास्त्र. शंभरपैकी अठरा. बाकी सगळे पहिल्या फटक्यात निघाले, त्यामुळे प्रश्न बुद्धीचा नाही. जो माणूस समाजातच राहतो त्याला समाजशास्त्र वेगळं वाचायची गरज नाही, असं माझं मत होतं. मत अजूनही बरोबर आहे. बोर्डाला पटलं नाही.

माय आणि वडील (आम्ही त्यांना दादा म्हणतो) काल मुकादमाच्या ट्रकमधून ऊसतोडीला गेले. आता चैत्रातच येतील. ट्रकवर चढता चढता दादा म्हणाले, "औंदा निघालास तर संभाजीनगरच्या कॉलेजात घालतो. न्हाईतर पुढच्या दिवाळीला तू बी ह्याच गाडीत." माय म्हणाली, निघंल तो. मी नुसता हसलो. त्या ट्रकमध्ये बसणारा माणूस मी नव्हे.

सकाळी ११
टाइमटेबल तयार. तीन रंगांच्या पेनांनी केलं. पाच तास त्यातच गेले, पण पाया पक्का असलेला बरा. उद्यापासून पहाटे पाचला उठणे.

१९ नोव्हेंबर
म्हशीमुळे अभ्यास होत नाही.

२ डिसेंबर
पाटोद्याला कॉलेजात विलास सरांना भेटलो. सर म्हणाले, मागच्या वर्षी तू प्रोजेक्टच दिला नाहीस, वीस गुण तिथंच गेले. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सरांच्या मते वर्गात तीन वेळा सांगितलं होतं. असो. यंदा १५ जानेवारीपर्यंत द्यायचा. विषय मी जागेवर ठरवला : 'माझ्या गावातील पन्नास कुटुंबांचे सर्वेक्षण'. सर म्हणाले दहा पुरेत. मी म्हणालो पन्नास. सरांनी चष्मा काढून माझ्याकडं बघितलं. इम्प्रेस झाले असावेत. येताना पन्नास फॉर्म झेरॉक्स करून आणले.

५ डिसेंबर. दुपारी
सर्वेक्षणाचा पहिला दिवस. पहिल्या घराला कुलूप. दुसऱ्याला कुलूप. तिसऱ्या घरापुढं शेळी होती, माणूस नव्हता. गावात चोपन्न घरं, त्यांतल्या सत्तेचाळीस घरांना कुलूप. गाव तोडीला गेलं आहे हे मला माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि पन्नास फॉर्म घेऊन त्या गल्लीत उभं राहणं वेगळं.

६ डिसेंबर
आमच्या तात्याबा आजोबांपासून सुरुवात केली. व्यवसाय? म्हणाले, म्हातारपण. मी 'स्वयंरोजगार' लिहिलं. कुटुंबाचा प्रकार, विभक्त की संयुक्त? म्हणाले, दिवाळीपासून चैतापर्यंत विभक्त, मग संयुक्त. फॉर्मवर दोनच चौकोन आहेत. दोन्हींत अर्धी अर्धी खूण केली. कुटुंबातील सदस्यसंख्या विचारल्यावर मात्र ते चिडले. "तुला ठावं हाय ते मला कावून इचारतो?" इथल्या लोकांना संशोधनाची दृष्टीच नाही.

२८ डिसेंबर
मास्टर प्लॅन. गाव इथं नसेल तर गाव जिथं आहे तिथं जायचं. आमची सगळी टोळी सांगलीकडं एकाच फडावर आहे. चार दिवसांत पन्नास फॉर्म भरून परत. गाईडमध्ये याला मस्त शब्द सापडला : सहभागी निरीक्षण. म्हणजे ज्यांचा अभ्यास करायचा त्यांच्यातच राहायचं, ते करतात ते करून बघायचं, पण आतून आपण अभ्यासकच असायचं. आजोबांना सगळं नीट समजावून सांगितलं. ते म्हणाले, "म्हंजी तोडीला चाललास." वाद घातला नाही.

२ जानेवारी
काल मांजरसुंब्यावरून एसटी धरली, आज फडावर पोचलो. माणसं पाचटाच्या कोप्यांत राहतात. कोपी म्हणजे आत जाताना वाकावं लागतं अशी झोपडी. मायचा उजवा हात प्लास्टरमध्ये आहे. तीन आठवड्यांपूर्वी मोळी डोक्यावर घेऊन ट्रॅक्टरच्या फळीवर चढताना पडली, मनगट मोडलं. फोनवर का सांगितलं नाही, विचारलं. "तुझा आभ्यास बुडला आसता." डावा हात आणि दात लावून ती मोळ्या बांधते. हे निरीक्षण म्हणून नोंदवून ठेवतो.
इथं भरलेले फॉर्म : शून्य. सगळे अंधारात जातात, अंधारात येतात.

४ जानेवारी
नवरा-बायकोच्या जोडीला इथं एक कोयता म्हणतात. दादा सध्या अर्धा कोयता आहेत, आणि बंकट मुकादम ते त्यांना दिवसातून दोनदा ऐकवतो. आज मी तासभर दादांच्या बरोबरीनं ऊस तोडला. फक्त अनुभव म्हणून. दोन्ही तळहातांना फोड आले. पेन धरवत नाही, त्यामुळे फॉर्म उद्या.

९ जानेवारी
उद्या नक्की निघणार.

१४ जानेवारी
विलास सरांचा फोन. त्यांना सांगितलं की माझं काम वरवरचं नाही, खोल चाललं आहे. सरांनी १० फेब्रुवारीपर्यंत मुदत दिली. सहा फॉर्म झाले. जेवणानंतर सटवाकाकांना विचारलं, विवाहसंस्थेचं भवितव्य तुम्हाला कसं वाटतं? प्रश्न संपायच्या आत ते घोरायला लागले. 'मत नाही' असं लिहिलं.

२३ जानेवारी
आता दिवसभर तोडतो. अर्धवट सहभागानं डेटा बिघडतो. दादा आज म्हणाले, तुझा हात बसला आता. मला आनंद झाला आणि लगेच राग आला. कुणाचा आला ते कळलं नाही.

१० फेब्रुवारी
प्रोजेक्ट दिला नाही. एका दृष्टीनं बरंच झालं, आता फोकस फक्त पेपरवर. लेखी ऐंशीचा असतो, त्यात पस्तीस काढले की सुटलो. गाईड माय उशाला घेऊन झोपते, हरवू नये म्हणून. तिच्या डोक्याखालून काढवत नाही. तरी बरंचसं मला पाठच आहे.

२५ फेब्रुवारी
मायचं प्लास्टर काढलं. हात वाळक्या काटकीसारखा झाला आहे. डॉक्टर म्हणाले, महिनाभर वजन उचलायचं नाही. दादांनी डॉक्टरांना हो म्हटलं आणि बाहेर आल्यावर बराच वेळ नुसतेच उभे राहिले.
पेपर ११ मार्चला. सात तारखेला निघायचं, दोन दिवस कसून वाचायचं. पक्कं.

८ मार्च
विलास सरांचे चार फोन येऊन गेले. इथं रेंज नसते.

खोटं आहे. रेंज असते. मी उचलले नाहीत.

सकाळी दादा म्हणाले, "उद्याच्या गाडीनं जा. आमी बघतो हितलं." मी बॅग भरायला घेतली. पाणी प्यायला फडाकडं गेलो तर माय मोळी उचलून बघत होती. गुडघ्यापर्यंत आली आणि हातातून सुटली. तिनं चटकन इकडंतिकडं बघितलं, कुणी पाहिलं तर नाही ना. मी उसाच्या आड होतो.

जेवताना सांगून टाकलं, पेपर पुढं ढकलला आहे. माय म्हणाली, कवा हाय मग? मी म्हणालो, तारीख यायचीय. दादांनी भाकरी तोडायची थांबवून माझ्याकडं बघितलं. मग परत खायला लागले. माय म्हणाली, "लई बरं झालं. तवर आभ्यास तरी हुईल तुझा."

११ मार्च. दुपारी २:२०
पेपर पुढं ढकललेला नव्हता. आजच होता, अकरा ते दोन. त्या वेळात मी आणि दादांनी अठ्ठावीस मोळ्या भरल्या. अकरा वाजता एकदा मोबाईल बघितला, नंतर बघितला नाही. मला परीक्षेची भीती वाटत होती हेही खरं आहे. मायचा हात नसता तरी मी गेलो असतो का, ते मला सांगता येत नाही.

आत्ता जेवणाच्या सुट्टीत बंकट मुकादम वही घेऊन पुढच्या सालच्या जोड्या लिहायला आला. दादांचं आणि मायचं नाव लिहिलं. मग माझ्याकडं न बघताच माझं लिहिलं आणि दादांना म्हणाला, उन्हाळ्यात पोरगी बघा, म्हणजे पोराचा पण पूर्ण कोयता होईल. माय चुलीपासून उठून आली. म्हणाली, "त्याचं नगा लिहू, दाजी. त्याचा पेपर व्हायचाय आजून."

मुकादमानं दादांकडं बघितलं, मग माझ्याकडं. मग बरं वहिनी म्हणून त्यानं माझ्या नावावर रेघ मारली. माय कोपीत गेल्यावर त्यानं तेच नाव खाली परत लिहिलं. मी शेजारीच उभा होतो.