किशोरीचा वाढता आकडा

१२ जुलै, वेंगुर्ले
किशोरीचा एएफपी ११ — यकृताची गाठ असली की रक्तात वाढतो तो आकडा. मे महिन्यात ४ होता. डॉक्टर म्हणाले, थोडाफार वर-खाली होतोच. मुंबईच्या लॅबमध्ये सहा वर्षं यकृताच्या कॅन्सरवर हेच काम करतेय मी. 'थोडाफार' म्हणजे किती, ते मलाही कळतं!

यकृतातली गाठ काढून सहा महिने झाले. सुशांतने शेजारीपाजारी सांगून टाकलंय — बायको बरी झाली म्हणून.

१५ जुलै
गाठीचा रिपोर्ट पुन्हा काढून वाचला. मूळपेशींची जीन्स चालू आहेत. पोटातल्या बाळाचं यकृत वाढवायचं, एवढंच त्यांचं काम; मग जन्मभर गप्प राहायचं. गाठीत ती जागी झाली की एखादी पेशी मागे उरली तरी पुरते. यावर मी पेपर लिहिलाय. घरात मात्र कोणाला बोलले नाही.

संध्याकाळी किशोरी बांगडे साफ करत होती. मान वर न करता म्हणाली, "ताई, तुका सगळा म्हायती आसा. माझी गाठ परत येतली काय गो?"

"नाही."

फारच पटकन म्हणाले. माझी धाकटी बहीण आहे ती, ओळखते मला.

२० ऑगस्ट
२९.

२१ ऑगस्ट
जेवण जात नाही तिला. फोडणीचा वास आला की उठून मागच्या दारी. सुशांत म्हणतो, "पित्त झाला असतला." मी मान डोलावली. रजा वाढवून घेतली.

४ सप्टेंबर
सीटी स्कॅनसाठी गोव्याला गेलो. आधी लघवीची तपासणी, बायकांची करतातच. नर्स बाहेर आली — "स्कॅन नाही करता येणार. दिवस गेलेत त्यांना."

तीन महिने! ऑपरेशनपासून पाळीचा नेम नव्हता, कोणाच्या मनातही आलं नाही. एएफपी तर बाळामुळेही वाढतो. मला — मलाच सुचू नये!

डॉक्टर मात्र हसले नाहीत. "आकडा बाळाचा की गाठीचा, रक्तावरून सांगता येणार नाही. सोनोग्राफी करू."

परतताना सुशांत गाडी थांबवून रडला. किशोरी मागून म्हणाली, "बाळाचो आकडो तो! आपण उगीच भियालंव."

मीही हसले. खरंच हसले.

८ सप्टेंबर
सोनोग्राफी. बाळाचे ठोके स्वच्छ दिसले. मग डॉक्टरांनी हात यकृतावर नेला. दोन नवे डाग. किशोरी स्क्रीनकडे बघत विचारत होती, "आता खंय गेला गो बाळ?"